धोक्याच्या घंटेची देखभाल

मराठी अग्रलेखांत धोक्याची घंटा जितक्या वेळा वाजते तितकी ती कुठल्या इमारतीत क्वचितच वाजत असेल. भाषा मरू घातली की धोक्याची घंटा, वाचनसंस्कृती खालावली की धोक्याची घंटा, पोटनिवडणुकीत चार मते घटली तरी धोक्याची घंटाच. शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की तो वाचताना भिंतीवर टांगलेली, तारेला जोडलेली खरीखुरी घंटा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. मग ती कुणी बसवली, तिची तार शेवटची केव्हा तपासली, ती वाजल्यावर ऐकणाऱ्याने नेमके काय समजायचे होते, हे प्रश्न दूरच राहिले. प्रस्तुत लेखात आम्ही या रूपकाला त्याच्या मूळ वस्तूपाशी परत नेऊ इच्छितो. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणांचा इतिहास सहसा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: अमक्याने तार जोडली, तमक्याने धूर ओळखला. आमच्या मते तो वाचनाचा आणि देखभालीचा इतिहास म्हणून सांगितल्यास अधिक खरा ठरतो. यंत्र वाजले, पण ऐकणाऱ्याला ते कळले नाही किंवा पटले नाही, अशी उदाहरणे या इतिहासात अगदी आरंभापासून आहेत.

तारेच्या आधी आगीची खबर देण्याचे सर्वांत साधे साधन होते: बोंब. आग विझवणारा 'बंब' आपण पोर्तुगीजांच्या भाषेतून उचलला असे मानतात. बोंब मात्र घरचीच. या बोंबेला दोन गुण होते आणि ते तिच्यापासून वेगळे करता येत नसत. ती कुठून येते आहे ते ऐकणाऱ्याला कळे आणि ती कोण मारतो आहे तेही कळे. स्थळ आणि विश्वसनीयता या दोन्ही गोष्टी आवाजातच असत. विजेच्या तारेने नेमके हेच दोन गुण आवाजापासून सोडवून घेतले. तारेच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो तो नुसता ठोका. तो कुठला, हे सांगायला सांकेतिक लिपी लागते. आणि लिपी आली म्हणजे वाचक आला, वाचनाची चूकही आली.

विजेच्या तारेवर चालणारी आगीच्या सूचनेची पहिली शहरव्यापी यंत्रणा अमेरिकेतील बॉस्टन शहरात २८ एप्रिल १८५२ रोजी सुरू झाली. तिची कल्पना डॉ. विल्यम फ्रान्सिस चॅनिंग यांनी १८४५ मध्येच वृत्तपत्रातून मांडली होती, आणि मोझेस फार्मर या कुशल तंत्रज्ञाने ती प्रत्यक्षात आणली. हे चॅनिंग म्हणजे विल्यम एलरी चॅनिंग या नामांकित धर्मोपदेशकाचे चिरंजीव. अमेरिकन वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे नाव इमर्सनच्या संदर्भात भेटलेले असते. शिक्षणाने वैद्य असलेल्या या गृहस्थांनी शहरभर पसरलेल्या तारांना शरीरातील मज्जातंतूंची उपमा दिली होती: ठिकठिकाणच्या पेट्यांकडून संवेदना मध्यवर्ती कचेरीकडे जायची आणि तिथून आज्ञा मनोऱ्यांवरच्या घंटांकडे. रस्त्यावरची पेटी उघडून आतला दांडा फिरवला की त्या पेटीचा क्रमांक ठोक्यांच्या रूपाने मध्यवर्ती कचेरीत उमटत असे.

यंत्रणा सुरू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २९ एप्रिलला, पहिली खरी सूचना आली. जी हकीकत सांगितली जाते ती अशी की, आग पाहणाऱ्या माणसाने घाईघाईत दांडा इतका भराभर फिरवला की कचेरीतल्या माणसाला ठोके मोजताच आले नाहीत. अखेर तो बिचारा स्वतःच कचेरीपर्यंत धावत गेला आणि त्याने तोंडाने सांगितले. म्हणजे विजेच्या पहिल्या घंटेचा शेवट पुन्हा बोंबेतच झाला! हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगण्याची प्रथा आहे. आम्हांला तो या सबंध विषयाची नांदी वाटतो. यंत्र नादुरुस्त नव्हते, माणूसही निष्काळजी नव्हता. भयाने धावणाऱ्या हाताचा वेग आणि शांतपणे मोजणाऱ्या कानाचा वेग यांची गाठ घालून ठेवलेली नव्हती, एवढेच.

याच बॉस्टनमध्ये २० वर्षांनी याच्या उलट तऱ्हेचा घोटाळा झाला. खोडसाळ लोक उगीच सूचना देतात म्हणून पेट्यांना कुलपे घातलेली होती आणि किल्ल्या ठरावीक माणसांकडेच होत्या. ९ नोव्हेंबर १८७२ च्या शनिवारी संध्याकाळी व्यापारी पेठेतल्या एका गोदामाच्या तळघरात आग लागली, ती पाहणारे पुष्कळ होते, पण पेटी उघडायला किल्लीवाला हवा होता. पहिली सूचना जाण्यास जो वेळ लागला त्याचे हे एक कारण सांगितले जाते. शिवाय त्या दिवसांत घोड्यांत साथ पसरल्याने बंब माणसांना ओढावे लागले. सुमारे ६५ एकरांतल्या ७७६ इमारती त्या आगीत गेल्या. खोट्या घंटेच्या धास्तीने खऱ्या घंटेचे तोंड बांधून ठेवणे, हा प्रकार पुढेही वेगवेगळ्या रूपांत भेटत राहतो.

विसाव्या शतकात घंटा रस्त्यावरून इमारतीच्या आत आली आणि हळूहळू माणसाच्या हाताची गरज न उरलेली अशी झाली. वॉल्टर येगर या स्विस शास्त्रज्ञाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते विषारी वायू ओळखणारे उपकरण करू पाहत होते. ते काही साधेना. त्या वैतागात त्यांनी सिगारेट पेटवली आणि उपकरणातला प्रवाह एकदम उतरलेला त्यांना दिसला. वायू सापडला नाही, धूर सापडला. पुढे एर्न्स्ट मायली यांनी या तत्त्वावर वापरण्याजोगे यंत्र घडवले. या जातीच्या डिटेक्टरमध्ये किरणोत्सारी द्रव्याचा, पुढच्या काळात बहुधा अमेरिशियमचा, अगदी सूक्ष्म अंश हवेचे आयन करून बारीकसा प्रवाह चालू ठेवतो. धुराचे कण त्यात शिरले की प्रवाह घटतो. दुसरी, आज इमारतींत अधिक दिसणारी जात प्रकाशावर चालते. काळ्या पोकळीत एक किरण सोडलेला असतो, एरवी तो संवेदकावर पडत नाही. धूर आला की कणांवरून उजेड विखुरतो आणि संवेदकाला दिसतो.

पण आमच्या दृष्टीने या शतकाची खरी कमाई डिटेक्टर नव्हे. ती आहे त्याला जोडणारी सावध तार. साध्या विजेच्या घंटेची तार तुटली तर ती घंटा गप्प राहते, आणि ते गप्प राहणे 'सर्व ठीक' या गप्प राहण्यासारखेच असते. म्हणून आगीच्या यंत्रणेत तारेच्या अगदी शेवटच्या टोकाला एक रेझिस्टर बसवतात आणि तारेतून सदैव थोडासा प्रवाह वाहता ठेवतात. प्रवाह ठरल्याइतका असेल तर सारे आलबेल. वाढला तर आग. थांबला तर तार कुठेतरी तुटली. पॅनेलवर आगीचा दिवा लाल आणि बिघाडाचा पिवळा, असे दोन वेगळे दिवे असतात ते यासाठीच. शांततेचेही दोन अर्थ असतात आणि ते निरनिराळे दाखवले पाहिजेत, हे तारायंत्राच्या कारागिरांना आपल्या बऱ्याच समीक्षकांच्या आधी उमगले होते असे म्हणावेसे वाटते. असो.

या सावध तारेलाही मर्यादा आहेत, आणि तपासणीची गरज तिथूनच सुरू होते. तार तुटली हे पॅनेलला कळते. रंगकाम करताना डिटेक्टरवर चढवलेली प्लॅस्टिकची टोपी काढायची राहून गेली आहे, हे त्याला कळत नाही. मोठ्या दालनाची दोन दालने केली आणि एकात डिटेक्टरच उरला नाही, 'काच फोडा' लिहिलेल्या लाल पेटीसमोर नव्या नियतकालिकांचे कपाट आले, चार वर्षांपूर्वीची बॅटरी वीज गेल्यावर दहा मिनिटेही टिकणार नाही, यांतले काहीच धड त्याला कळत नाही. हे फक्त चालत जाऊन, वर पाहून कळते. म्हणून या विद्येत तीन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवतात: पाहणी, चाचणी आणि देखभाल. पाहणी म्हणजे डोळ्यांनी बघणे. चाचणी म्हणजे लांब काठीच्या टोकावरच्या डब्यातून डिटेक्टरवर कृत्रिम धूर सोडणे, मुख्य वीज तोडून बॅटरीवर यंत्रणा चालते का ते बघणे. देखभाल म्हणजे धूळ काढणे, जुने बदलणे. ब्रिटिश संहितेत एक लोभस नियम आहे. आठवड्यातून एकदा, शक्यतो ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळी, एक लाल पेटी वापरून घंटा वाजवून बघायची, आणि दर आठवड्याला पेटी वेगळी घ्यायची. त्यामुळे क्रमाक्रमाने सगळ्या इमारतीची परिक्रमा होते आणि तिथे वावरणाऱ्यांना घंटेचा आवाज ओळखीचा होतो. भारतीय मानकही, म्हणजे आयएस २१८९, नुसते बसवण्यापाशी थांबत नाही. निवड, उभारणी आणि देखभाल हे तिन्ही शब्द त्याच्या शीर्षकातच आहेत.

देखभालीविना पडलेल्या यंत्राचे काय होते याविषयी आपली सर्वसाधारण समजूत अशी की ते मुके होते. प्रकाशावर चालणाऱ्या डिटेक्टरच्या बाबतीत बहुधा उलट घडते. पोकळीत धूळ साचत जाते, धुळीवरूनही उजेड विखुरतो, आणि यंत्र धूर नसताना ओरडू लागते. म्हणजे न जपलेले यंत्र आधी बडबडे होते. मुके करतो तो माणूस. एकदा, दोनदा, दहा वेळा खोटी घंटा ऐकल्यावर कुणीतरी वैतागून पॅनेलवरचे बटण दाबून आवाज बंद करून ठेवतो. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत दोष खोटे बोलणाऱ्या पोराचा असतो. इथे पोराला कुणी कधी धड धुतलेपुसलेले नसते, हा फरक.

या बडबडीची किंमत ग्रंथप्रेमींना ठाऊक असायला हवी. लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात २९ एप्रिल १९८६ रोजी सकाळी अकराच्या सुमारास घंटा वाजली. (बॉस्टनमधल्या त्या पहिल्या सूचनेचीच तारीख, योगायोगच, आणि आम्ही त्याला अर्थ चिकटवणार नाही.) १९२६ सालच्या त्या इमारतीत खोट्या घंटांची लोकांना सवय होती. वाचक फारशी घाई न करता बाहेर पडले. थोड्या वेळात आत येऊ असे समजून काहींनी आपले सामानही आतच ठेवले. अग्निशामक दलाची पहिली तुकडी आली तीही नेहमीप्रमाणे पॅनेल पूर्ववत करून परतण्याच्या हिशेबाने. या वेळी पॅनेल पूर्ववत होईना. पुस्तकांच्या दाट रचलेल्या मजल्यांत आग लागलेली होती आणि ती विझायला सात तासांहून अधिक वेळ गेला. सुमारे चार लाख पुस्तके जळाली, सुमारे सात लाख पाण्याने आणि धुराने खराब झाली. माणसे सगळी वाचली, आणि ते श्रेय घंटेला दिलेच पाहिजे. तीनच दिवसांपूर्वी चेर्नोबिल घडले होते, त्या बातम्यांच्या लोंढ्यात ही आग जगाच्या नजरेतून निसटली. सुझन ऑर्लीन यांनी २०१८ मध्ये 'द लायब्ररी बुक' लिहिले तेव्हा अनेक वाचकांना ती प्रथमच कळली.

इथवर घंटेवर विश्वास बसण्याचा प्रश्न होता. दुसरा प्रश्न, घंटा वाचता येण्याचा, बॉस्टनमधल्या त्या पहिल्या सूचनेत उपस्थित झाला होता. तो पुन्हा, आणि जगाच्या डोळ्यांदेखत, उभा राहिला तो पॅरिसमध्ये.

१५ एप्रिल २०१९. नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये सायंप्रार्थना चालू होती. आगीची यंत्रणा जुनाट किंवा नादुरुस्त नव्हती. ती तयार व्हायला सहा वर्षे लागली होती, डझनावारी तज्ज्ञांनी तिच्यावर हजारो पाने लिहिली होती, आणि इमारतीत १६० हून अधिक डिटेक्टर व लाल पेट्या होत्या. संध्याकाळी ६ वाजून १८ मिनिटांनी पॅनेलवर लाल दिवा लागला. पॅनेलपाशी बसलेला माणूस त्या कामावर येऊन जेमतेम तीन दिवस झाले होते, आणि तो सलग दुसरी पाळी करत होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच वर्षी जुलैमध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधवृत्तानुसार त्याच्यापुढे जो मजकूर उमटला तो असा: आधी 'आग', मग विभागाचे नाव, म्हणजे माळा, मंडप, वस्त्रागार अशी तीन नामे एकापुढे एक, आणि शेवटी 'झेडडीए-११०-३-१५-१' असा संकेत.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्याने इथे क्षणभर थांबावे. तीन नामे, विभक्तिप्रत्यय नाही, स्वल्पविराम नाही. माळा कुणाचा? मंडपाचा की वस्त्रागाराचा? ज्याने हा मजकूर यंत्रात भरला त्याला तो स्पष्टच वाटला असणार, कारण त्याच्या समोर नकाशा होता. आगीचा नेमका पत्ता शेवटच्या संकेतात होता, पण तो ज्या कोशावरून उलगडायचा तो पॅनेलपाशी बसलेल्याच्या डोक्यात नव्हता. निरोप कॅथेड्रलमधल्या रखवालदाराला गेला आणि तो वस्त्रागाराच्या, म्हणजे शेजारच्या छोट्या इमारतीच्या, माळ्यावर जाऊन आला. तिथे आग नव्हती. ती मुख्य मंडपाच्या माळ्यावर होती, जिथल्या मध्ययुगीन ओकच्या तुळयांच्या दाटीला फ्रेंच लोक 'अरण्य' म्हणत. गफलत लक्षात येऊन माणसे ३०० पायऱ्या चढून वर पोहोचेपर्यंत आटोक्यात आणण्याजोगे काही उरलेले नव्हते. ही यंत्रणा आपणहून अग्निशामक दलाला कळवणारी नव्हती. आधी माणसाने जाऊन खात्री करायची, मग दूरध्वनी करायचा, अशी रचना होती. जुने ओक सावकाश जळेल या गृहीतावर ती उभी होती. दूरध्वनी गेला तेव्हा पहिल्या लाल दिव्याला अर्धा तास उलटून गेला होता.

व्हिक्तोर ह्यूगोच्या १८३१ च्या कादंबरीने या पडक्या वास्तूकडे फ्रान्सचे लक्ष वळवले आणि तिच्या जीर्णोद्धाराला बळ दिले, हे आपल्या वर्गांतून वर्षानुवर्षे शिकवले जाते. पुस्तकाने वास्तू वाचवली, असे आपण अभिमानाने म्हणतो. तीन शब्दांच्या एका नोंदीने तिचे छप्पर घालवले, हेही त्याच अध्यापनात यायला हरकत नाही. ही चूक तपासणीत सापडण्याजोगी होती. चाचणीच्या वेळी एक टेक्निशियन डिटेक्टरखाली धूर सोडतो आणि दुसरा पॅनेलपाशी उभा राहून उमटलेला मजकूर मोठ्याने वाचतो. पहिला सांगतो, मी अमुक ठिकाणी आहे. या दोघांच्या संवादात यंत्राइतकीच भाषेची परीक्षा होते. मात्र त्यासाठी वाचणारा असा हवा, ज्याला नकाशा पाठ नाही. तज्ज्ञाने तज्ज्ञाची नोंद वाचून 'बरोबर' म्हणण्यात काही अर्थ नसतो.

आता थोडे आपल्याकडे. महाराष्ट्रात या विषयावर कायदा आहे आणि तो चांगला आहे. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' याने यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याचीही जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक अभिकरणाकडून तपासणी करवून नमुना 'ब' मधील प्रमाणपत्र सादर करायचे असते. हा कायदा लागू असतानाच २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली. वरचे मजले आणि असंख्य फायली जळाल्या, पाच माणसे दगावली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात अर्भकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. धूर प्रथम लक्षात आला तो रात्रपाळीच्या परिचारिकेच्या. दहा अर्भके गेली. राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले, आणि त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या आगीत किमान अकरा रुग्णांचा मृत्यू झाला.

'फायर ऑडिट' हा शब्द तेव्हापासून मराठीत रुळला. आमची तक्रार अशी की त्याने 'देखभाल' हा शब्द झाकून टाकला. ऑडिट विचारते, यंत्रणा आहे का; देखभाल विचारते, कालची यंत्रणा आजही आहे का. पहिला प्रश्न दुर्घटनेनंतर विचारला जातो आणि त्याचे उत्तर निविदेने देता येते. दुसरा दर आठवड्याला विचारावा लागतो आणि त्याच्या उत्तराला फीत कापायला कुणी येत नाही. आपल्या संस्थांत डिटेक्टरचे उद्घाटन होते, धूळ काढण्याचे होत नाही. एएमसीच्या नूतनीकरणाची फाईल लेखा विभागात अडकली की छतावरचा लुकलुकणारा ठिपका तसाच लुकलुकत राहतो आणि पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते.

या कामाचा एकमेव लिखित अवशेष म्हणजे पॅनेलशेजारी टांगलेली नोंदवही. हस्तलिखितांची पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आमच्या मित्रांनी एकदा ती चाळावी. तारीख, तपासलेले ठिकाण, आढळलेला दोष, केलेली दुरुस्ती, सही, असे रकाने असतात. बनावट वही ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही: सहा महिन्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच तिरक्या हातात, दोषाच्या रकान्यात सर्वत्र 'निरंक', आणि रविवारीही चाचणी झालेली. खरी वही ओबडधोबड असते. तिच्यात शाई बदलते, अक्षर बदलते, मध्येच एखादा आठवडा गळतो आणि पुढच्या ओळीत त्याचे कारण येते. 'दुसरा मजला, संदर्भ विभाग: डिटेक्टर कपाटाच्या वर झाकला गेला आहे, धूर पोचण्यास ४ मिनिटे, कपाट हलवण्यास सांगितले.' पुढच्या आठवड्यात: 'कपाट हलवले नाही.' त्याच्या पुढच्या आठवड्यात: 'हलवले. २० सेकंद.'